तिसरा दगड

आजोबांच्या इस्टेटीतून माझ्या वाट्याला दोनच वस्तू आल्या: सोलिंगेनचा एक वस्तरा आणि एक पिवळा दगड. शेत चुलत्यांकडे गेलं, घर सावकाराकडे गेलं. माझ्याकडे दाढी तेवढी आली.

निवृत्तीनंतरच्या रिकामपणात परवा मी तो वस्तरा बाहेर काढला, दगडावर चांगला अर्धा तास घासला आणि गालावर टेकवला. दाढी निघाली नाही, गाल निघाला. हिने हळद दाबली आणि "ब्लेडं मिळेनाशी झालीत का?" एवढंच विचारलं.

दोष वस्तऱ्याचा नव्हता, दगडाचा होता. हा दगड बेल्जियममधल्या आर्देनच्या डोंगराळ भागातला. त्याच्या पोटात गार्नेटचे अगदी बारीक कण असतात. पोलाद खातात ते हेच. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून तो सरकवायचा. कोन वस्तराच सांभाळतो; माणसाने फक्त दगड सपाट ठेवायचा. पण हात मधोमध जास्त फिरतो, म्हणून दगडही मधोमध झिजतो. खळगा पडला की पात्याची टोकं टेकतात आणि मधला भाग अधांतरी राहतो. जन्मभर दुसऱ्यांना धार लावता लावता हा बिचारा स्वतः वाकडा झाला होता. मी छत्तीस वर्षं मास्तरकी केली आहे. मला त्याच्याविषयी एकदम आपुलकीच वाटली.

दगड सपाट करायची रीत सोपी आहे. त्यावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, पाणी घालायचं आणि दुसऱ्या दगडावर घासायचा. सगळ्या रेघा गेल्या की झालं. शेजारच्या आप्पांकडे विळी-कोयत्याचा एक दगड होता. तो घेऊन आप्पाच आले आणि दोघांनी मिळून मोरीत तासभर घासाघीस केली. दोन्ही दगडांवरच्या रेघा साफ गेल्या. दगड तर असे जुळले की ओले असताना एकमेकांना सोडीनात! आम्ही चहा मागवला.

चहाबरोबर हिने माझी जुनी पोलादी पट्टीही आणली आणि ती पिवळ्या दगडावर उभी धरली.

"ह्याच्या मधून उजेड दिसतोय."

मग आप्पांच्या दगडावर धरली. तिथे पट्टी मधोमध टेकली आणि दोन्ही टोकांना डुलू लागली. आमचा दगड खोलगटच राहिला होता आणि त्याच्या संगतीने आप्पांचा फुगीर झाला होता. म्हणूनच इतके पटत होते!

जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८४० साली ग्लासगोच्या सभेत अचूक सपाट पृष्ठभागांवर निबंध वाचला होता. त्याच्या पद्धतीचं मर्म असं की, पृष्ठभाग दोन नकोत, तीन हवेत. खोलगट आणि फुगीर अशी जोडी दोघांत खुशाल जमते. पण तिसरा आला आणि प्रत्येक जण प्रत्येकाशी जुळवायचा म्हटला, की तिघांनाही सरळ होण्यावाचून गत्यंतर राहत नाही. हे मी पूर्वी वाचलं होतं. कळलं मात्र मोरीत.

कारण आप्पांचं आणि माझं फारच पटतं. आमच्या मुलाने बँकेतली कायमची नोकरी सोडून सुतारकामाचा कारखाना काढला, तेव्हा "पोरगं वाया गेलं" असं आप्पा म्हणाले आणि मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, त्यांनी डोलावली. दोन वर्षं आम्ही रोज संध्याकाळी हा विषय घासतो आहोत. शंकेची एक रेघ म्हणून शिल्लक राहिलेली नाही. एवढं एकमत असताना आपलं चुकत असेल, असं कुणाच्या मनात येईल? ही अधूनमधून काही बोलायची. आम्ही ती खरखर समजत होतो.

"तिसरा दगड लागेल," मी आप्पांना म्हणालो.

"तो आहे की त्याच्याकडे. रंध्याच्या पात्यांना लागतोच," ही आतून म्हणाली. 'त्याच्याकडे' म्हणजे कुणाकडे, हे विचारावं लागलं नाही. आप्पा घाईघाईने चहा संपवू लागले.

दोन वर्षांनी मी होऊन फोन केला. प्रकृतीची चौकशी वगैरे काही सुचेना. सरळ दगडाचंच विचारलं.

"आहे ना. घेऊन या तुमचे," तो म्हणाला. "पण बाबा, खळगा पडेपर्यंत थांबायचं नसतं. दर खेपेला थोडं थोडं घासलं तर थोडकाच दगड जातो. फार दिवस ठेवलं की सरळ करताना बराच गमवावा लागतो."

'मला शिकवू नकोस' हे वाक्य माझ्या जिभेवर छत्तीस वर्षं तयारच असतं. ते गिळलं आणि म्हणालो, "रविवारी येतो. आईलाही आणतो."

आप्पांनाही चला म्हटलं आहे. ते अजून हो म्हणालेले नाहीत. आमचं न पटल्याचा हा पहिलाच प्रसंग.