दुःखितांचा आनंद

ज्यांच्यावरील अन्यायाचे अद्याप पुरते निवारण झालेले नाही, त्यांनी गाऊन-नाचून आनंद करावा काय? हा प्रश्न विचारणारे बहुधा स्वतः सुखवस्तू असतात, ही गोष्ट ध्यानात ठेवूनच त्याचा विचार केला पाहिजे.

नागपूरकरांस उदाहरणासाठी दूर जावयास नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह येथे बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ दीक्षाभूमीवर दरवर्षी जो जनसागर लोटतो, तो ग्रंथ विकत घेतो आणि गाणीही ऐकतो. जलशांतून निघालेली, वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या लोककवींनी गावोगाव नेलेली भीमगीते पुढे कॅसेटवर आली आणि आता यूट्यूबवरही आहेत. परदेशी एकटा राहणारा तरुण आणि विदर्भातील खेड्यातली मुलगी एकच गीत ऐकतात आणि एकमेकांस न पाहता 'जय भीम' म्हणतात. ज्यांच्या पूर्वजांस गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांना गाण्याने असे एक गाव मिळवून दिले आहे.

यावर कोणी म्हणतील की, ज्याअर्थी एवढा उल्हास आहे त्याअर्थी दुःख सरले असावे. हा तर्क जुनाच आहे. अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात या तर्काविषयी आश्चर्य प्रकट केले आहे. गुलामांचे गाणे ऐकून लोक त्यांना संतुष्ट समजत. डग्लस यांस मात्र त्याच स्वरांत दास्याची वेदना ऐकू येई. गाणे हे सुखाचे प्रमाणपत्र नव्हे.

दुसरा आक्षेप याच्या उलट आहे: लढा अपुरा असता आनंद करणे म्हणजे विस्मरण होय. पण भीमगीते काय विसरतात? महाडचे १९२७ सालचे चवदार तळे त्यांत आहे, संविधान आहे, दीक्षेचा दिवस आहे. येथे आनंद हेच स्मरणाचे रूप झाले आहे. शिवाय दुःख हे दुसऱ्यांनी लादलेले होते. आनंद मात्र या लोकांनी स्वतः निर्माण केला. त्यांनी सदैव खिन्नच दिसावे ही अपेक्षा दयेतून उपजली असली, तरी तीत वरचढपणाचा अंश आहेच. ज्याला केवळ रडण्याची मुभा असते, त्याला आपण पुरता मनुष्य मानलेले नसते.

राहिला प्रश्न आमच्यासारख्या इतर श्रोत्यांचा. ही गाणी आज कोणासही सहज ऐकता येतात, आणि त्यांच्या चालीवर कोणीही ठेका धरावा. त्यास हरकत असण्याचे कारण नाही. परंतु गोडी वाटणे निराळे आणि आपलेपणा निराळा. गोडी फुकट मिळते. आपलेपणास मोल द्यावे लागते. ज्याचे गाणे आम्ही आवडीने ऐकतो, त्यालाच घर भाड्याने देताना प्रथम आडनाव विचारतो, असे असेल तर आमची रसिकता कानापलीकडे गेलेली नाही. त्या आनंदात खरोखर सहभागी व्हावयाचे असेल, तर दुसऱ्याच्या मोबाईलवर वाजणारे गाणे नव्हे, आपल्या दारावरची पाटी आधी तपासली पाहिजे.