आजाराचे पूर्वसंचित

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघात हे बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगे आजार आहेत, पण टाळण्याची संधी सर्वांना सारखी मिळत नाही. म्हणूनच त्यांच्या प्रतिबंधाचा विचार वैद्यकापाशी संपत नाही. आजार कशामुळे जडला, त्याची जबाबदारी कोणाची आणि हाती असलेला थोडा पैसा आधी कोणासाठी खर्चावा, हे प्रश्न धर्मचिंतनाचे आणि नीतीचे आहेत. भारतीय परंपरेत ते फार पूर्वीपासून विचारले गेले आहेत.

रोजच्या बोलण्यात यावर दोन उत्तरे ऐकू येतात. ‘नशिबाचे भोग आहेत, भोगूनच संपायचे’ हे एक, आणि ‘तोंडावर ताबा नाही, पथ्य पाळलं नाही’ हे दुसरे. एक दैववादी आणि दुसरे प्रयत्नवादी, म्हणून ती एकमेकांविरुद्ध वाटतात. प्रत्यक्षात दोन्ही उत्तरे आजारी माणसापाशीच येऊन थांबतात. एक त्याच्या मागच्या जन्माकडे बोट दाखवते, दुसरे त्याच्या ताटाकडे. त्याच्या भोवतीची वस्ती, त्याचे काम, त्याची मजुरी यांची चौकशी दोन्हींत होत नाही.

परंपरेतले मोठे विचारवंत मात्र इतक्यावर थांबले नव्हते. संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की, माणसाला होणारे सुखदुःख सगळे पूर्वकर्मामुळेच होते असे काही श्रमण-ब्राह्मण सांगतात, ते खरे काय? बुद्ध आठ कारणे मोजून दाखवतात: पित्त, कफ, वात, तिन्हींचा संनिपात, ऋतूतला बदल, शरीराची विषम हेळसांड, बाहेरून झालेला आघात आणि शेवटी कर्मविपाक. पूर्वकर्म नाकारलेले नाही, पण आठांत ते एक आहे. सगळा भार त्याच्यावर टाकणारे लोक स्वतःच्या अनुभवापलीकडचे आणि जगात सत्य मानल्या गेलेल्या गोष्टींपलीकडचे बोलतात, असा बुद्धांचा निर्णय आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय याहून पुढे जातो. गंगेच्या काठी, पांचालांच्या कांपिल्य नगरीजवळ, उन्हाळा सरता सरता पुनर्वसू आत्रेय शिष्यांसह रानातून चालले आहेत. आकाशाची, वाऱ्याची, ऋतूंची लक्षणे बिघडलेली पाहून ते शिष्यांना सांगतात की भूमी निःसत्त्व होण्याआधी औषधी वनस्पती गोळा करून ठेवा. त्यावर त्यांचा शिष्य अग्निवेश एक नेमका प्रश्न विचारतो. माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, बळ, सवयी, मन आणि वय वेगळे. मग एकाच वेळी एकाच रोगाने सारा जनपद कसा उद्ध्वस्त होतो? आत्रेयांचे उत्तर असे की, वायू, जल, देश आणि काल या चार गोष्टी सर्वांना समान असतात आणि त्या बिघडल्या की सर्वांवर एकदम परिणाम होतो. त्या का बिघडतात? अधर्मामुळे. आणि या अधर्माची सुरुवात ते देशाच्या, नगराच्या आणि जनपदाच्या प्रमुखांपासून दाखवतात. त्याच अध्यायात आयुष्य आधीच ठरलेले असते का, हाही प्रश्न येतो. आत्रेय म्हणतात की, दैव आणि पुरुषकार या दोन्हींच्या बळाबळावर आयुष्य अवलंबून असते आणि दुर्बळ दैवाला प्रबळ प्रयत्न मागे सारतो. आयुष्य आधीच ठरलेले असते तर उपचाराला अर्थच उरला नसता.

ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोज यांनी १९८५ साली लिहिलेल्या एका निबंधात हाच प्रश्न आधुनिक रूपात आला. एखाद्याच व्यक्तीला आजार का झाला, हा एक प्रश्न. एका समाजात तो आजार इतका का बोकाळला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे मिळत नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. मधुमेहाच्या बाबतीत आपल्याकडे सगळा भर पहिल्या प्रश्नावर आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीच्या २०१७ मधील अहवालाने एक जुना समज मोडला. संपन्न राज्यांच्या शहरी भागांत मधुमेहाचे प्रमाण श्रीमंतांपेक्षा गरिबांत अधिक आढळले. ‘श्रीमंतांचा आजार’ ही ओळख आता तिथे चालत नाही.

हे का घडते, याचा एक महत्त्वाचा धागा पुणे जिल्ह्यात सापडला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. या बायकांचे वजन गर्भारपणाआधी सरासरी ४२ किलोच्या आसपास होते. त्यांची बाळे जन्मताना सरासरी २.७ किलोची, तर तुलनेला घेतलेली इंग्लंडमधील बाळे साडेतीन किलोची. गावातली ही बाळे दिसायला किडकिडीत होती, त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण पाठीवरची चरबी मात्र जवळजवळ टिकून होती. पुढे मधुमेहाकडे नेणारी शरीराची ठेवण अशी जन्माआधीच तयार झालेली होती. ज्या आया गरोदरपणात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खात, त्यांची बाळे मोठी होती. ज्या आयांच्या वाट्याला शेतातले काम, पाणी भरणे, धुणे अशी अंगमेहनत जास्त होती, त्यांची बाळे लहान होती.

या निष्कर्षांनी धर्मचिंतनातला जुना वाद पुन्हा उघडला पाहिजे. माणूस जन्माला येतानाच काही संचित घेऊन येतो, हे खरे ठरते. ते संचित मात्र त्याच्या स्वतःच्या कुठल्या पूर्वजन्मातले नाही. ते त्याच्या आईच्या उपासमारीचे, तिच्या डोक्यावरच्या हंड्याचे, घरात सर्वांत शेवटी आणि उरलेसुरले जेवण्याच्या रीतीचे आहे. मुलीच्या पोटातील बीजे ती स्वतः गर्भात असतानाच तयार होतात. तेव्हा आजीच्या ताटातली कमतरताही नातवंडांपर्यंत पोचू शकते. जे त्या बाळाने केलेच नाही त्याचे फळ त्याला भोगावे लागत असेल, तर कर्माचा न्याय इथे लावता येत नाही. इथे कर्म आहे ते समाजाचे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पूर्वकर्माच्या सिद्धान्तावर घेतलेला आक्षेप म्हणूनच आरोग्यालाही लागू पडतो. गरीब आणि दीनांच्या अवस्थेच्या जबाबदारीतून राज्य आणि समाज यांची सुटका करणे, हाच या सिद्धान्ताचा हेतू असू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. ‘स्वतःच्या सवयींमुळे झाला’ हे आजचे सुशिक्षित उत्तरही हेच काम करते.

याचा अर्थ माणसाच्या स्वतःच्या प्रयत्नाला किंमत नाही असा होत नाही. चालणे, तंबाखू सोडणे, मीठ-साखर कमी करणे याने फरक पडतोच. पण प्रयत्नाला जागा लागते. बारा तासांची रात्रपाळी करणारा सुरक्षारक्षक पहाटे भुकेला घरी निघतो, तेव्हा त्याच्या वाटेवर वडापावचीच गाडी असते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने (२०१३) प्राधान्य कुटुंबातील माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळते, तेही मुख्यतः गहू आणि तांदूळ. डाळ, भाजी आणि दूध मात्र बाजारभावानेच घ्यावे लागते. अशा घरात ‘भात कमी करा, डाळ-भाजी वाढवा’ हा सल्ला बरोबर असूनही पाळता येत नाही.

सरकारी तपासणीची रीतही याच चौकटीत अडकली आहे. तीस वर्षांवरील माणसांसाठी आशाताई घरोघर जो तक्ता भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातला आजार यांना गुण दिले जातात. आशाताई टेप लावून कंबर मोजते, बेरीज करते आणि धोका असलेल्याला केंद्रात पाठवते. हे काम मोलाचे आहे. तरीही जन्मवजन, आईचे पोषण आणि कामाचे तास यांना त्या बेरजेत जागा नाही.

निव्वळ उपदेशावर चालणाऱ्या प्रतिबंधात आणखी एक अन्याय लपलेला असतो. ज्यांच्याकडे वेळ, पैसा आणि शिक्षण आहे ते सल्ला आधी उचलतात, त्यांचे आजार आधी कमी होतात आणि दरी रुंदावते. वेल्समधील डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ सालीच दाखवून दिले होते की, चांगली वैद्यकीय सेवा जिथे सर्वांत जास्त हवी, तिथेच ती सर्वांत कमी मिळते. याउलट काही उपाय माणसाच्या निवडीवर अवलंबूनच नसतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल आणि वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा घातली. तिचा नीट अंमल झाला तर खारी-बिस्किटावर दिवस काढणाऱ्या मजुरालाही तिचा लाभ होतो, त्याने ट्रान्स फॅट हा शब्द कधी ऐकला नसला तरी.

उरतो तो वाटपाचा प्रश्न. त्याच पैशात शहरात हजार जणांची तपासणी होते आणि डोंगरातल्या पाड्यांवर शंभर जणांचीच, तर काय करावे? केवळ एकूण लाभ मोजणारा हिशेब शहराच्या बाजूने कौल देतो. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांच्या न्यायविचाराचा कल दुसरीकडे आहे: विषमता तेव्हाच मान्य, जेव्हा ती सर्वांत वंचितांच्या हिताची ठरते. भारतीय विचारात यासाठी ऋणाची कल्पना अधिक उपयोगी पडते. शतपथब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर मनुष्यऋणही सांगितले आहे. ऋण फेडताना कोणाकडून अधिक परतावा मिळेल हे पाहायचे नसते. ज्याचे देणे थकले आहे त्याला आधी द्यायचे असते. पुणे जिल्ह्यातल्या त्या आयांनी ज्या समाजासाठी शेतात घाम गाळला, त्या समाजाकडे त्यांच्या मुलांचे देणे आहे.

आदिवासी भागातील गर्भवती आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसातून एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना महाराष्ट्रात २०१५ साली सुरू झाली. ती कुपोषणाची योजना म्हणून ओळखली जाते. वास्तविक ती मधुमेह आणि हृदयविकार यांच्या प्रतिबंधाचीही योजना आहे. ऊसतोड कामगारांच्या टोळ्यांतील, वीटभट्ट्यांवरील आणि शहरी झोपडपट्ट्यांतील गर्भवतींनाही तसेच जेवण आणि शेवटच्या महिन्यांत मजुरी न बुडता विश्रांती मिळाली पाहिजे. प्रतिबंधासाठी ठेवलेल्या पैशावर पहिला हक्क त्यांचा आहे.