ठेव

सर्बियाच्या खेड्यांत पूर्वी भाऊ-भाऊ आपापल्या बायका-मुलांसह एकत्र नांदत. जमीन सगळ्यांची, कोठार सगळ्यांचे. अशा कुटुंबाला तिथे 'झद्रुगा' म्हणत. १८८२ साली बेलग्रेडमधल्या व्यापाऱ्यांनी परस्पर साहाय्य आणि बचतीसाठी संस्था काढली, तेव्हा नाव म्हणून त्यांनी हाच शब्द घेतला. रक्ताचे नाते नसलेल्या माणसांनी पैशाच्या व्यवहारात घरच्यासारखे वागायचे ठरवले, ही मला त्या नावातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

पुढे या संस्थेची भरभराट झाली. १९०५ ते १९०७ या काळात सावा नदीकाठच्या सावामाला भागात तिची वास्तू उभी राहिली. नदीचे बंदर शेजारी, रेल्वे स्थानक जवळ. शहराचा माल याच वाटेने ये-जा करी. आंद्रा स्तेवानोविच आणि निकोला नेस्तोरोविच या वास्तुशिल्पींनी दर्शनी भागावर शिल्पांची लयलूट केली. सजावटीच्या आत मात्र बेलग्रेडला तेव्हा नवे असलेले सिमेंट-काँक्रीटचे तंत्र होते. सर्वांत देखणे काम पाहायचे तर जिना चढून आत जावे आणि खिडक्यांवर पैसे भरायच्या दालनात थांबावे. ठेवीदार जिथे रांगेत उभा राहणार, तिथेच सौंदर्य ओतले होते. विश्वासाने आलेल्या माणसाचा मान राखण्याची ही रीत होती.

संस्थेचे अध्यक्ष लुका चेलोविच हर्जेगोविनातून आलेले व्यापारी. त्यांनी घराजवळ स्वखर्चाने बाग फुलवली आणि आयुष्यभराची मिळकत बेलग्रेड विद्यापीठाला दिली. १९२९ साली ते गेले. दुसऱ्यांची ठेव सांभाळता सांभाळता त्यांनी आपले धनही ठेवच मानले असावे.

दुसऱ्या महायुद्धानंतर सावामालातल्या त्या वास्तूत भूगर्भशास्त्राची संस्था आली. तिच्यावरून लोक आजही या वास्तूला 'गेओझावोद' म्हणतात. पुढे कित्येक वर्षे ही वास्तू दुर्लक्षित राहिली. २०१४ साली तिचा जीर्णोद्धार झाला, आणि नदीकाठी उठणाऱ्या नव्या उंच इमारतींची प्रतिकृती तिथे मांडली गेली.

भिंती वाचल्या, याचा आनंद आहेच. पण वारसा म्हणजे नुसती चकाकणारी संगमरवरी फरशी नव्हे. ती फरशी कोणाच्या पायांसाठी घातली होती, याची आठवणही वारसाच असते.

मराठीत 'ठेव' हा शब्द दोन अर्थांनी येतो. पेढीत ठेवलेला पैसा ही ठेव, आणि पूर्वजांनी आपल्या हाती सोपवलेले धनही ठेवच. दोन्हींचा नियम एकच : ठेव वापरता येते, वाढवता येते, पण ज्याची त्याला परत करायची असते. आपल्याला मिळालेल्या वास्तूंची मालकी आपली नाही. आपण फक्त त्यांचे आजचे राखणदार आहोत.