बोलघेवडं अ‍ॅप नको

टॅब्लेटवर कानाची तपासणी करायची म्हटलं की पहिली मागणी ठरलेली: अ‍ॅप सोपं हवं. बटणं मोठी, मजकूर कमी, सूचना आपल्या भाषेत. हे हवंच. (कमी ऐकू येणाऱ्याला फक्त बोलून सूचना देणारं अ‍ॅप काढणाऱ्याला काय म्हणावं!) पण आजकाल सोपं अ‍ॅप म्हणजे बोटागणिक दाद देणारं अ‍ॅप, अशी समजूत झाली आहे. बटण दाबलं की हिरवी खूण, बरोबर आलं की टाळ्या. श्रवणचाचणीत नेमकं हेच घातक.

चाचणीची रूढ रीत अशी: एका वारंवारतेचा, बहुधा १००० हर्ट्झचा, स्वर वाजतो. ऐकू आला की तो १० डेसिबलने उतरवायचा, नाही आला की ५ ने चढवायचा. असं करत ज्या सर्वांत खालच्या पातळीवर निम्म्या वेळा तरी उत्तर येतं, तो त्या कानाचा उंबरठा. तिथे खुद्द ऐकणाऱ्यालाच खात्री नसते. वाजलं की भास झाला? अशा वेळी पडद्यावर काही जरा हललं, किंवा दोन स्वरांतलं अंतर ठरावीक राहिलं, तरी माणूस कान सोडून अंदाजाने बोट टेकवू लागतो. ही लबाडी नव्हे. परीक्षेत नापास व्हायला सत्तरीतल्या आजोबांनाही आवडत नाही.

कॅनडात ओटावा येथे मुलांसाठी आयपॅडवरची चाचणी तयार झाली, तिथे या अंदाजालाच कामाला लावलं आहे. पडद्यावरच्या चित्राला बोट लावायचं. आवाज आला तर ते एका बाजूला सरकवायचं, नाही आला तर दुसऱ्या. ‘नाही’ हेही इथे पूर्ण उत्तर आहे, म्हणून मूल उगाच ‘हो’ म्हणत नाही. खेळ म्हणून मला ही कल्पना आवडते, पण त्याहून जास्त आवडतो तिच्यातला हिशेबीपणा.

दुसरी अडचण खोलीची. आरोग्य केंद्रातला पंखा आणि बाहेरची रिक्षा मंद्र स्वर सहज गिळतात, आणि ऑडिओग्रामवर, म्हणजे चाचणीच्या आलेखावर, तो दोष कानाच्या नावावर चढतो. म्हणून अ‍ॅपने मायक्रोफोनने आजूबाजूचा आवाज मोजत राहावं आणि तो वाढला की चाचणी सरळ थांबवावी. वापरणारा वैतागेल. वैतागू दे. हेडफोनचंही तेच: ज्यांचं अंशांकन झालेलं नाही, त्यांवरचा डेसिबलचा आकडा फक्त शोभेचा.

शेवटच्या पडद्याबाबत मात्र मी हट्टी आहे. नुसत्या हेडफोनच्या चाचणीतून कानात मळ साचलाय, कानाच्या पडद्यामागे पाणी आहे की नस कमजोर झाली आहे, हे कळत नाही. तेव्हा तिथे लाल अक्षरांत ‘श्रवणदोष’ नको; कान कोणाला दाखवायचा, ते लिहावं. आणि त्याखाली कानाच्या मशीनची जाहिरात तर मुळीच नको.