छायाचित्रातील पेठ आणि हळहळीचा अधिकार

खामगावसारख्या शहराच्या जुन्या वस्तीविषयी बोलणे निघाले, की कोणी तरी कपाटातून एखादे पिवळे पडलेले छायाचित्र काढतो आणि चर्चा तेथेच थांबते. छायाचित्र हा पुरावा, आणि पुराव्यापुढे आठवणीने माघार घ्यावी, असा एक अलिखित संकेत रूढ झाला आहे. तो तपासून पाहण्याजोगा आहे. त्यात ज्ञानाचा प्रश्न जितका आहे तितकाच नीतीचाही आहे. बदललेल्या वस्तीविषयी हळहळण्याचा अधिकार कोणाला पोचतो, आणि तो छायाचित्र जवळ असल्याने मिळतो काय?

खामगाव हे कापसाच्या व्यापाराने वाढलेले शहर. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) हिंदुस्थानी कापसाला लँकेशायरची मागणी आली, आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते जलंब–खामगाव हा सुमारे आठ मैलांचा लोहमार्ग खुला झाला. या शहराची प्रतिमा तेव्हापासून बैलगाड्यांची रांग, रुईच्या गठाणी आणि जिन-प्रेसची धुराडी अशीच घडत आली. अशा प्रतिमेत हमाल असतो तो गठाण केवढी मोठी आहे हे कळावे म्हणून. जिनात राबणाऱ्या बाया बहुधा चौकटीबाहेरच राहतात. ही माणसे संध्याकाळी ज्या गल्लीत परतत, ती तर विषयच नसते.

यात तंत्राचाही वाटा आहे. त्या काळच्या कॅमेऱ्याची काच उमटायला कित्येक सेकंद लागत. जो उभा राहिला तो स्पष्ट उमटे. ओझे घेऊन चालता झाला त्याचा धूसर पट्टा होई. ज्याला थांबण्याची सवड होती तोच टिकला. हा पक्षपात कोणाच्या मनात नव्हता, तो रसायनात होता. पण परिणाम पक्षपाताचाच झाला.

जेथे जुन्या वस्त्यांची चित्रे विपुल आहेत तेथे तरी स्थिती बरी आहे काय? ग्लासगोच्या अरुंद बोळांची थॉमस ॲनन याने १८६८ ते १८७१ या काळात घेतलेली छायाचित्रे आज हळवेपणाने पाहिली जातात. ती ज्या सुधार ट्रस्टसाठी घेतली गेली तोच ते बोळ पाडणार होता. पॅरिसमध्ये शार्ल मार्व्हिलचे कामही नगरपालिकेच्याच आज्ञेने झाले. वऱ्हाडातली रुई ज्या मुंबईला जाई, तेथे १८९६ साली प्लेग आला. साथनिवारणाच्या अधिकाऱ्यांबरोबर कॅमेराही चाळींत शिरला, आणि १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टने दाट वस्त्या मोडून रस्ते काढले. जी नजर घर राहण्यास अयोग्य ठरवत होती, तिनेच ते घर जतनही केले. अशा चित्रापुढे दाटून येणाऱ्या गहिवराला हा करार माहीत नसतो.

रोलाँ बार्थ याने १९८० च्या आपल्या छायाचित्रविषयक ग्रंथात आईच्या बालपणीच्या चित्राची दीर्घ चर्चा केली, पण ते चित्र छापले नाही. इतरांना ते एक सामान्य चित्रच वाटले असते. तेथे तो अधिकार निर्विवाद होता. पेठेच्या चित्राबाबत असा हक्क कोणी सांगावा? सराफ्यातला वाडा विकून गावाबाहेरच्या ले-आउटमध्ये राहायला गेलेल्याला ते चित्र सुंदर वाटते. त्याच गल्लीत, त्याच ओल धरलेल्या भिंतीआड भाड्याने राहणाऱ्याला ते तसे वाटेलच असे नाही. (मराठी आत्मपर लेखनातले वाडे बहुधा पहिल्याच्या बाजूचे असतात, भाडेकरूचा वाडा अजून फारसा लिहिला गेलेला नाही.) पहिल्याचे दुःख खोटे नाही, पण ते दूर गेल्याने परवडणारे दुःख आहे, आणि त्याला वस्तीची स्मृती म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या वतीने न विचारता बोलणे होय.

म्हणून अधिकाराचा प्रश्न चित्रापेक्षा चित्रओळीशी अधिक निगडित आहे. स्मरणिकांतून ‘जुने खामगाव’ एवढीच ओळ छापली जाते; साहेब किंवा शेठ असला तर त्याचे नाव येते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील चित्रांबाबत तरी ते चित्र त्या गल्लीत नेऊन विचारणे अजून शक्य आहे. दोन वृद्ध एकाच धूसर पाठमोऱ्या माणसावर बोट ठेवतील. एक त्याला अमक्याचा बाप म्हणेल, दुसरा म्हणेल, नव्हे, तो त्या वेळी जिनात असायचा. तो मतभेदही चित्राखाली तसाच छापावा.