मागच्या सीटवर कोण बसतं?

जालन्यात दोघे भाऊ होते. थोरल्याचं बियाण्यांचं दुकान, धाकटा शाळेत मास्तर. दोघांनी एकाच साली एकाच कंपनीची, एकाच मापाची गाडी घेतली, रंग तेवढा निराळा. पुढे दोन्ही गाड्यांचे टायरही एकदमच म्हातारे झाले. बहीण नागपूरला दिलेली, त्यामुळे आईला घेऊन समृद्धी महामार्गाने दोघांच्याही आळीपाळीने फेऱ्या व्हायच्या. त्या काँक्रीटवर गाडी शंभराला लागली की आत अशी घरघर सुरू व्हायची, की पुढच्याचं बोलणं मागच्याला ऐकू जाऊ नये.

थोरल्याचा स्वभाव एकदाच पण भारी घेण्याचा. त्याने टायरबरोबर रिमाही बदलल्या. 15 इंची काढल्या, 17 इंची अलॉय घातल्या आणि त्यांवर 205/45 चे परदेशी टायर चढवले. दुकानातला पोरगा म्हणाला, "साहेब, चाकाची एकूण उंची जवळपास तीच राहते, स्पीडच्या काट्यात फरक पडत नाही." ते खरंच होतं. पण उंची तीच ठेवून रिम वाढवली तर मधलं काय कमी होतं, हे थोरल्याने विचारलं नाही आणि पोराने सांगितलं नाही. कमी होते ती टायरची भिंत. जुन्या 185/65 ला ती 120 मिलिमीटर होती, नव्याला 92. खड्डा, सांधा, खडी यांचा दणका जी हवा पोटात घेते, तिची जवळजवळ तीन सेंटीमीटर जाडी त्याने रोख पैसे मोजून कमी करून घेतली. टायरवर युरोपातलं लेबल होतं, 68 डेसिबलचं. ते त्याने सोलून काउंटरच्या काचेखाली लावलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.

मास्तरांना एवढं परवडणारं नव्हतं. ते मोंढ्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये टायरवाल्या चाचांकडे गेले.

"चाचा, आवाज न करणारा टायर दाखवा."

"तो अजून जन्मायचाय," चाचा म्हणाले. हात पुसत बाहेर आले, पण टायरांच्या थप्पीकडे गेलेच नाहीत. "मागं कोण बसतं?"

"आई."

"त्या काय म्हणतात आवाजाला?"

"काहीच नाही. गप्प बसून असते."

"घरीही गप्प असतात?"

मास्तर थांबले. घरी आई सकाळी दुधवाल्यापासून जी बोलायला लागायची ती रात्री दिवा मालवेपर्यंत. गाडीतच तेवढी ती बोलत नसे. मग त्यांना आठवलं, टोलनाका ओलांडला की ती कानातलं यंत्र काढून चंचीत टाकते. ते यंत्र शब्दांबरोबर घरघरही मोठी करून कानात ओततं. माणसांचं बोलणं नको म्हणून नव्हे, चाकांचं बोलणं सोसत नाही म्हणून ती नागपूरपर्यंत बहिरी होऊन बसायची. आणि मास्तर समजत होते की आईला गाडीत झोप लागते.

"मग टायर गाडीसाठी घेऊ नका मास्तर, त्यांच्यासाठी घ्या," चाचा म्हणाले. "चला, आधी एक चक्कर मारू."

चाचा मागच्या सीटवर बसले. साठच्या वेगात त्यांनी मास्तरांना स्टिअरिंग हलकेच डावीकडे, मग उजवीकडे झुलवायला लावलं. गाडीचा भार या बाजूचा त्या बाजूला जाताना आवाज बदलला असता तर दोष बेअरिंगचा. तो बदलला नाही. काँक्रीट संपून डांबर लागलं तशी घरघर निम्मी झाली. म्हणजे आवाज चाकाचाच, आणि त्यात रस्त्याचाही वाटा. काँक्रीटवर पाणी निघून जावं, पकड राहावी म्हणून मुद्दाम आडव्या रेघा मारतात, त्यांवरून रबर गातच जाणार. "तो वाटा मी कमी करू शकत नाही, पैसे घेतले तरी," चाचा म्हणाले. असं सांगणारा दुकानदार भेटला तर त्याचं दुकान सोडू नये.

शेडमध्ये परतल्यावर त्यांनी मास्तरांचा तळहात मागच्या टायरच्या नक्षीवर ठेवला. "पुढं फिरवा." हात गुळगुळीत गेला. "आता उलटा." करवतीच्या दात्यांसारखी धार बोटांना लागली. अलाइनमेंट बिघडलेलं, वर्षानुवर्षं पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे केलेले नाहीत; नक्षीची प्रत्येक गोटी एकाच कडेने झिजलेली. अशी गोटी रस्त्यावर आपटत जाते, टेकत नाही. बाजूच्या भिंतीवर 1517 असे आकडे होते, म्हणजे 2017 सालच्या पंधराव्या आठवड्यातला माल. चाचांनी नख दाबून पाहिलं, उमटलं नाही. रबर वाळून कडक झालं होतं. मग हवा मोजली. काटा 40 वर. दारावरच्या स्टिकरवर 33 लिहिलेलं.

"मायलेज वाढतं म्हणून भरतो," मास्तर म्हणाले.

"वाढत असेल थोडं. आईच्या कमरेतून वसूल होतंय ते."

इथे जरा आडवळण घेतो, कारण ही गोष्ट चाचांच्या शेडमध्ये सुरू झालेली नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने 1845 साली हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं. त्यात गाडी ओढायला हलकी व्हावी याबरोबरच ती कमी हादरावी आणि तिचा आवाज घटावा, असा हेतू स्पष्ट लिहिला आहे. ते चाक बाजारात काही टिकलं नाही. पुढे 1888 मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने तीच गोष्ट नव्याने शोधली, तीसुद्धा स्वतःच्या मुलाची तीनचाकी खडबडीत रस्त्यावर फार धडधडते म्हणून. रुबाबाचा विचार नंतर आला. आधी आला तो बसणाऱ्याचा.

चाचांनी मास्तरांना मूळ मापाचेच टायर दिले, 185/65 R15. भिंत जरा मऊ, आणि नक्षीच्या गोट्या एका मापाच्या नव्हेत, लहान-मोठ्या. सगळ्या सारख्या असल्या की एकच सूर धरून हूंऽऽ करतात. लहान-मोठ्या असल्या की आवाज विखुरतो, कानाला टोचत नाही. आकडे बघून ताजाच माल काढला, दोन वर्षं दुकानात पडून असलेला नाही. "पण हे मऊ रबर आहे," त्यांनी आधीच बजावलं, "कडक टायरइतके किलोमीटर देणार नाही. नंतर भांडायला येऊ नका." बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं, हवा 33 ठेवली. मागचा एक शॉकअप गळत होता, तो बदलायला लावला. तो तसाच ठेवला असता तर नवा टायरही उड्या मारत वेडावाकडा झिजला असता.

त्यानंतरच्या फेरीत टोलनाका गेला तरी चंची उघडली नाही. घरघर होतीच, पण खालच्या पट्टीत. मेहकरपर्यंत आईने सुनेला सगळ्या गावाची सोयरीक सांगितली, आणि पुढे मास्तर बायकोला हळूच म्हणाले की ताईकडे दोनच दिवस राहू, तर तेही तिला ऐकू गेलं. चार दिवस राहावं लागलं.

आई मागे राहिली, म्हणून परतीला थोरला तिला आणायला गेला. मोठ्या अलॉय चमकत होत्या. काँक्रीटच्या प्रत्येक सांध्याला धप्प होत होतं आणि आईने कानातलं काढून ठेवलं होतं. जालन्याला उतरताना तिने कमरेवर हात ठेवला आणि सरळ म्हणाली, "पुढच्या खेपेला मास्तरच्याच गाडीने जाईन."

दुसऱ्या दिवशी थोरला काचेखालचं लेबल घेऊन चाचांकडे. "68 डेसिबल लिहिलंय चाचा, हे बघा. खोटं आहे का?"

"खोटं कशाला असेल? हे मोजतात रस्त्याच्या कडेला माइक ठेवून, साडेसात मीटरवर. तुमची गाडी जाताना कडेच्या माणसाला किती ऐकू येतं त्याचा हा आकडा. आतल्याचा नाही."

थोरला बराच वेळ लेबलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आईला सोसतील असे टायर घाला. पण 15 च्या रिमा तर मी त्या पोराला विकल्या."

"माहितीये," चाचा म्हणाले, "त्याच्याकडून मी घेतल्या. त्या काय, कोपऱ्यात आहेत. तुम्ही विकल्या त्या भावात मात्र मिळणार नाहीत."