हिऱ्यातील डाग

कशेळ्याहून कर्जतकडे जाताना जो काळा दगड फुटलेला दिसतो, त्यात पुष्कळदा पांढऱ्या दाण्यांचे ठिपके आढळतात. हा दगड एके काळी वितळलेला रस होता. त्यातील वायूचे बुडबुडे पोकळ राहिले व पुढे झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत स्फटिक जमविले. गवंडी ह्या ठिपक्यांमुळे दगड टाकून देत नाही. हिऱ्याचा न्याय मात्र निराळा आहे.

वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत कावळ्याच्या पायासारखी, माशीसारखी किंवा केसासारखी खूण असलेला हिरा सदोष ठरविला. आजचे व्यापारी दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून तसलीच खूण शोधतात आणि किंमत उतरवितात. जन्मखूण घेऊन आलेल्या मुलीचे लग्न जुळविताना आपल्या गावांतून कोणते भिंग वापरले जाते, हे वाचकांस सांगावयास नको.

नाशिकच्या नावाने जगभर ओळखला जाणारा नासक हिरा घ्या. तो त्र्यंबकेश्वराच्या देवळात होता असे सांगतात. 1818 साली पेशवाई बुडाली तेव्हा तो इंग्रजांच्या हाती लागला. त्याचे वजन त्या वेळी सुमारे 90 कॅरट होते, कारण पैलू पाडावे परंतु दगड होईल तितका राखावा, अशी आपल्या देशी कारागिरांची रीत होती. लंडनमध्ये त्यास पुन्हा पैलू पाडले. 1940 साली न्यूयॉर्कचा जवाहिऱ्या हॅरी विन्स्टन ह्याने तो आणखी कापून 43.38 कॅरटांचा केला. आता तो निर्दोष गणला जातो; मात्र निम्म्याहून अधिक हिरा चुऱ्यात गेला. मंडळीची यादी स्वच्छ करावयास बसणाऱ्या वडीलजनांनी हे दोन आकडे जवळ ठेवावे.

ह्याच्या उलट एक लहानसा, तपकिरी व मळकट हिरा ब्राझील देशात जुईना येथे सापडला. त्यास कोणी अंगठीत बसविले नसते. परंतु 2014 साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले की, त्याच्या पोटातील सूक्ष्म कण हा भूगर्भात 410 ते 660 किलोमीटर खोलीवर असणाऱ्या खनिजाचा असून त्यात सुमारे दीड टक्का पाणी आहे. इतक्या खोलीची साक्ष निर्मळ हिऱ्याने कोठून दिली असती? हल्ली काही लोक काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचे हिरे मुद्दाम मागून घेतात. त्यांस मीठमिऱ्याचे हिरे असे नाव पडले आहे. ह्यात हौसेचा भाग असेल. तरी एकाचे ठिपके दुसऱ्यासारखे नसतात, म्हणून आपला दगड आपणांस ओळखता येतो, हे त्यांचे म्हणणे खरे आहे.

तथापि सर्व दोष सारखेच, असे कोणी समजू नये. आतला बारीक ठिपका हिऱ्यास मोडीत नाही. काठापर्यंत आलेली चीर मोडू शकते. काही लबाड तर त्या चिरेत काच भरून हिरा स्वच्छ म्हणून विकतात. पुढे दुरुस्तीच्या वेळी सोनाराची आच लागली म्हणजे काच बिघडते आणि चीर उघडी पडते. दारूचे व्यसन व खोटा हिशेब ही चीर होय. तिच्यात लांब प्रार्थनेची काच भरू नये. परंतु एखाद्या आजीच्या हातावरील जुने गोंदण, शास्त्र वाचताना अडखळणारी जीभ, शिक्षा भोगून पश्चात्तापाने परत आलेल्याची मान खाली घालण्याची सवय, हे निराळे. उपदेशक बंधूंनी ही निवड करताना घाई करू नये. ती कठीण आहे, आणि भिंग बहुधा दुसऱ्याकडेच वळते.

पुनरुत्थित प्रभूच्या देहावर मरणाची सत्ता उरली नव्हती. ज्या सामर्थ्याने कबर उघडली, त्यास खिळ्यांचे व्रण बुजविणे अवघड नव्हते. तरी ते राहिले. थोमाने तीच खूण मागितली. आठ दिवसांनी दारे बंद असता प्रभु आत आला, आणि त्याने तेच हात थोमापुढे केले.